जन्मजात (वैद्यकीय संज्ञा)

जन्माच्या वेळीच शरीरात असलेल्या दोषाला किंवा आजाराला जन्मजात म्हणतात. तो कधीपासून आहे एवढेच या शब्दातून कळते, का झाला ते नाही. बोलताना ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ यांची सर्रास गल्लत होते आणि ‘आमच्या घराण्यात तर कोणाला नाही’ असे म्हणत सारा दोष आईच्या माथी मारला जातो. हे साफ चुकीचे आहे.

गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला (जर्मन गोवर) झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयदोष असू शकतो. हे दोष जन्मजात खरे, पण आनुवंशिक नव्हेत. डाउन सिंड्रोममध्ये २१वे गुणसूत्र एक जादा असते, तेही बहुतेक वेळा वारशाने आलेले नसते. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागातल्या आदिवासी कुटुंबांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार मात्र आनुवंशिक आहे. तरीही गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन रक्तात टिकून असेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले पाच-सहा महिने, बाळ ठणठणीत दिसते.

दुभंगलेल्या ओठाचे खापर अजूनही ग्रहण न पाळण्यावर फुटते. वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो; तो जुळायचा राहिला की फट राहते. ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जन्मजात म्हणजे कायमचे, असेही नाही. आत वळलेले पाऊल पोन्सेटी पद्धतीने सरळ होते: दर आठवड्याला पाऊल थोडे फिरवून मांडीपर्यंत प्लास्टर, अशी पाच-सहा प्लास्टरे, बहुतेकांना टाचेमागची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सैल करण्याची छोटी शस्त्रक्रिया आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. मग पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने दिवसाचे २३ तास, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसले की घरचे बूट सोडतात आणि ते पुन्हा वळते. पाऊल पुन्हा वळण्याचे हेच सर्वांत मोठे कारण. नाशिक जिल्ह्यात अशी बाळे आरोग्य केंद्रांतून जिल्हा रुग्णालयाकडे, बोलीत ‘सिव्हिल’ला, पाठवली जातात.

सरकारी वापर थोडा सैल आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) ‘जन्मतः व्यंग’ यादीत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटलाचा आजारही येतो. तो जन्मानंतर होतो, पण तपासणी चुकू नये म्हणून तिथे असणे योग्यच.

आरोग्य विम्यात बाहेरून दिसणारे ते ‘बाह्य’, न दिसणारे ते ‘अंतर्गत’ जन्मजात दोष. अनेक पॉलिसी बाह्य दोषांचा खर्च देत नाहीत. त्यामुळे डिस्चार्ज कार्डवर नुसते ‘जन्मजात’ नको, आजाराचे पूर्ण नाव लिहून घ्यावे.