पुढचा प्रश्न कोण ठरवतं?

घरोघरी सर्वेक्षण करताना दार उघडेल त्यालाच प्रश्न विचारून मोकळं व्हायचं ठरवलं, तर ते फक्त घरी असणाऱ्यांचं सर्वेक्षण होतं. दिवसा सापडतात ती म्हातारी माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बायका. पाळीवर गेलेला तरुण आकडेवारीत येतच नाही. मिशिगन विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ साली यावर एक छापील तोडगा प्रसिद्ध केला. घरातल्या प्रौढांची यादी करायची: आधी पुरुष, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मग त्याच क्रमाने बायका. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. प्रगणकाच्या कागदावर तक्ता तयारच असे. तीन प्रौढ असतील तर अमुक क्रमांकाला विचारा, चार असतील तर तमुक. असे आठ निरनिराळे तक्ते होते आणि कोणत्या पत्त्यावर कोणता वापरायचा हे आधीच ठरलेलं असे. दारात उभ्या प्रगणकाला निवड करायला जागाच नव्हती.

आजच्या ऑनलाइन सर्वेक्षणांतल्या स्क्रिप्टचा, म्हणजे कोणता प्रश्न कधी विचारायचा हे संगणकाला सांगणाऱ्या लेखी सूचनांचा, मूळपुरुष मला हा तक्ता वाटतो. निर्णय एकदाच, शांत डोक्याने घ्यायचा आणि मग हजारो दारांवर तोच लावायचा.

आता कागदाची जागा टॅबलेटने आणि ब्राउझरने घेतली आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेलं ओपन डेटा किट, म्हणजे ओडीके, हे त्यातलं एक मोफत साधन. त्याचा फॉर्म चक्क स्प्रेडशीटमध्ये लिहितात. एका ओळीत एक प्रश्न, आणि त्याच ओळीत तीन महत्त्वाचे रकाने: हा प्रश्न कधी दिसावा, कोणतं उत्तर चालावं आणि आधीच्या उत्तरांवरून काय हिशोब करावा. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही हे जमतं, आणि एका फॉर्ममधल्या ओळी उचलून दुसऱ्यात ठेवता येतात.

पण चुकीची ओळही तितक्याच सहज उचलली जाते. सर्वांत जास्त नकललं जाणारं सूत्र वयाचं. आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करा, आलेल्या दिवसांना ३६५.२५ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या. दिसायला निर्दोष आहे. आता एक मुलगी घ्या, जन्म १ एप्रिल २००८. १ एप्रिल २०२३ ला ती पंधरा वर्षांची झाली. मधल्या काळात २९ फेब्रुवारी तीनदाच आला, म्हणून दिवस भरले ५,४७८. पंधराला ३६५.२५ ने गुणलं तर येतात ५,४७८.७५. पाऊण दिवस कमी पडला आणि सूत्राने तिचं वय चौदा सांगितलं.

एवढ्याने काय बिघडतं? आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची मुलाखत १५ ते ४९ या वयोगटासाठी असते. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण चालवते आणि २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून त्याच्या मुलाखती संगणकावर घेतल्या जातात. असाच निकष आपण आपल्या फॉर्ममध्ये घातला आणि वय वरच्या सूत्राने काढलं, तर त्या मुलीला एकही प्रश्न दिसणार नाही. चूक झाल्याचा संदेशही येणार नाही. बरोबर पद्धत सोपी आहे: सालांची वजाबाकी करा आणि यंदाचा वाढदिवस अजून आला नसेल तर एक कमी करा.

दुसरा खड्डा रिकाम्या उत्तरांचा. शेती नाही म्हटल्यावर शेतीच्या उत्पन्नाचा प्रश्न वगळला जातो, म्हणजे तो रकाना कोरा. ओडीकेमध्ये कोऱ्या रकान्याची बेरीज शून्य धरून होत नाही, सगळी बेरीजच बाद होते. त्यासाठी ‘रिकामं असेल तर शून्य धर’ हे वेगळं सांगावं लागतं. मात्र ‘माहीत नाही’ म्हणजे शून्य नव्हे. त्याला अनेक फॉर्ममध्ये ९८ असा संकेतांक देतात, आणि तो वेगळा काढला नाही तर शेळ्यांच्या संख्येत अठ्ठ्याण्णव शेळ्या मिळवल्या जातात.

किश यांचा तक्ताही आता एका ओळीत बसतो. संगणकाने यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, संख्या काढायची आणि तिच्यावरून माणूस निवडायचा. इथे ती संख्या एकदाच काढली जाईल, असं स्क्रिप्टमध्ये लिहिणं अगत्याचं आहे. नाहीतर फॉर्म बंद करून पुन्हा उघडला की नवीन माणूस निवडला जातो, आणि दमलेला प्रगणक समोर बसलेल्या आजींचं नाव येईपर्यंत तेच करू शकतो.

म्हणून अशा ओळींचा संग्रह ठेवताना प्रत्येक ओळीसोबत तिच्या चाचण्याही ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. वयाच्या सूत्राला वाढदिवस, त्याच्या आदला दिवस आणि २९ फेब्रुवारीचा जन्म या तीन तारखा द्याव्यात. रकान्यांची नावंही सगळीकडे एकच असावीत. एका फॉर्ममध्ये ‘वय’ कुटुंबप्रमुखाचं आणि दुसऱ्यात बाळाचं असेल, तर नकललेली ओळ मुकाट्याने भलत्याच माणसाचं वय वापरेल.

इतकं करूनही एक गोष्ट स्क्रिप्टच्या नजरेला येत नाही. जगभरातल्या आरोग्य सर्वेक्षणांत अभ्यासकांना एक विचित्र खाच दिसत आली आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लसीकरण, आजारपण, आहार अशी प्रश्नांची लांबलचक रांग असते. त्या सीमेच्या अलीकडे मुलं अपेक्षेपेक्षा कमी नोंदलेली असतात आणि पलीकडे जास्त. साडेचार वर्षांचं मूल कागदावर सव्वापाचचं झालं की अर्धा तास वाचतो. यातलं प्रत्येक उत्तर नियमात बसतं, त्यामुळे फॉर्म कुठेच अडत नाही.

ही खाच सापडते ती शेकडो फॉर्म एकत्र पाहिल्यावर. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट रोज संध्याकाळी चालवता येते: प्रत्येक प्रगणकाने चार वर्षांची मुलं किती नोंदली आणि पाच वर्षांची किती. शिवाय फॉर्ममध्ये जन्मतारखेच्या आधी एक साधी ओळ घालता येते: ‘बाळाचं लसीकरणाचं कार्ड आहे का? बघायला मागा.’