लिपोप्रोटीनांचे वर्णपटमापन

रक्तातील मेदप्रथिन (लिपोप्रोटीन) कणांची संख्या व आकार वर्णपट (लहरींना पदार्थाने दिलेल्या प्रतिसादाचा आलेख) आणि संख्याशास्त्र यांच्या आधारे ठरवण्याची पद्धत. कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड पाण्यात विरघळत नाहीत. व्हीएलडीएल (अतिकमी घनतेचे), एलडीएल (कमी घनतेचे), एचडीएल (जास्त घनतेचे) अशा कणांत बसून ते रक्तातून फिरतात.

विदर्भातल्या खेड्यातून तालुक्याला गेलेल्या नमुन्याचा ‘लिपिड प्रोफाइल’ रिपोर्ट या कणांतले कोलेस्टेरॉल सांगतो, कण किती ते नाही. एलडीएलचा आकडा तर पुष्कळदा मोजलेलाही नसतो. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एकूण कोलेस्टेरॉलमधून पूर्ण एचडीएल आणि शिवाय ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की तो निघतो. ट्रायग्लिसराइड ४०० मिग्रॅ./डेलि.च्या वर गेले की सूत्र चालत नाही. भारतीयांत ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि एलडीएल कण लहान व दाट, असे बरेचदा आढळते. अशा वेळी एलडीएल ‘नॉर्मल’ दिसते आणि कण मात्र जास्त असतात. दिवसभर वावरात राबणाऱ्या सडपातळ माणसाच्या रिपोर्टातही हे दडून राहू शकते.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे एनएमआर, पद्धतीत प्रबळ चुंबकात रेणूंचे रेडिओ-संकेत टिपतात; कण वेगळे न करताच सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) तपासतात. मेदातील मिथाइल गटांचा संकेत ०.८ पीपीएमच्या (वर्णपटावरील संकेताची जागा दाखवणारे एकक) आसपास येतो आणि कणाच्या आकारानुसार किंचित सरकतो. अमेरिकेत जेम्स ओट्वोस यांनी १९९० च्या दशकारंभी हे तंत्र पुढे आणले. अडचण अशी की सगळे संकेत एकमेकांवर चढलेले असतात. खंजिरी भजनाचा एकत्र आवाज ऐकून खंजिऱ्या किती, टाळ किती हे सांगावे, तसे हे काम. त्यासाठी एकतर ज्ञात कणांचे आकार जुळवून वक्र फोडतात, नाहीतर पीएलएस समाश्रयण (वर्णपटावरून आकडा काढण्याची संख्याशास्त्रीय रीत) वापरतात : अतिअपकेंद्रित्राने (नमुना प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्राने) घनतेनुसार वेगळ्या केलेल्या नमुन्यांवर प्रतिमान (गणिती मॉडेल) शिकवायचे, मग न पाहिलेल्या नमुन्यांवर पारखायचे. ही पारख ढिली असेल तर कणांच्या उपगटांचे आकडे नुसतेच देखणे. शिकवणीच्या नमुन्यांत इथल्यासारखी रक्ते नसतील, तर इथल्या रिपोर्टावर भरवसा बेताचाच ठेवावा.

ओट्वोस पद्धतीत मापन ४७° से.ला होते. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा मे महिन्यातला पारा कधीकधी तिथवर पोचतोच. पण यंत्रात ही ऊब काही मिनिटांची असते, नमुन्याने मात्र प्रवास थंड पेटीतच करायला हवा. यंत्राच्या चुंबकाला गार ठेवायला द्रव हीलियम लागते, म्हणून ते तालुक्याला बसवणे अवघड. अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपटमापी त्या मानाने स्वस्त. त्यात वाळवलेल्या थेंबातील एस्टर बंधाचा (मेदातील एक रासायनिक जोड) १७४० सेंमी⁻¹ जवळचा पट्टा वाचतात; आकडा काढायला प्रतिमान तिथेही लागतेच.