गावाहून आलेला ताप आणि खसखशीएवढी गोचीड

पावसाळा लागला की ठाण्यात एक समज हमखास ऐकू येतो: येऊरच्या जंगलात जाऊ नका, झाडांवरून गोचिड्या अंगावर पडतात आणि माकडताप होतो. यात तीन चुका आहेत. गोचिडीला उडी मारता येत नाही आणि ती झाडावरून टपकतही नाही. माकडतापाचा जोर पावसात नसतो, साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. आणि गोचीड चावली म्हणजे माकडतापाचा विषाणू अंगात गेलाच, असंही नाही. ही तिसरी चूक नीट समजून घ्यायला हवी, कारण धोका कुठे आहे हे तिच्यावरूनच कळतं.

गोचीड गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाशी येऊन बसते आणि पुढचे दोन पाय पसरून वाट पाहते. त्या पायांवर एक बारीक खळगा असतो, त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, घामाचा वास, सगळ्याचा सुगावा तिला तिथून लागतो. कुणी घासून गेलं की ती चिकटते.

माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीमुळे पसरतो. तिच्या आयुष्यात रक्ताची जेवणं तीनच. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी एखाद्या उंदराचं, पक्ष्याचं किंवा माकडाचं रक्त पिते, गळून पडते आणि पालापाचोळ्यात कात टाकून आठ पायांचं पिल्लू होते. हे पिल्लू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढं असतं. ते दुसऱ्या प्राण्याला चिकटतं, पोट भरलं की पडतं, पुन्हा कात टाकून प्रौढ होतं. प्रौढ मादी तिसरं जेवण बहुधा गुरांसारख्या मोठ्या जनावरावर करते, टम्म फुगते, खाली पडून हजारो अंडी घालते आणि मरते.

आता विषाणू यात कुठे शिरतो ते पाहा. अंड्यातून आलेली अळी सहसा विषाणूमुक्त असते. तिने पहिल्यांदा ज्याचं रक्त प्यायलं, त्याच्या रक्तात विषाणू असेल तरच तिला लागण होते. कात टाकली तरी विषाणू तिच्या शरीरात टिकून राहतो आणि पुढच्या जेवणाच्या वेळी लाळेतून नव्या प्राण्यात उतरतो. पहिल्या जेवणात घेतलं, दुसऱ्या जेवणात दिलं. माणसाला लागण होते ती बहुतेकदा या पिल्लांच्या चाव्यातून. पावसाळ्यात प्रौढ गोचिड्या, पाऊस ओसरल्यावर अळ्या आणि त्यानंतर पिल्लं, असा हा क्रम असल्यामुळे तापाचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्यात येतो.

म्हणून रानात दोन हिशोब वेगळे ठेवावे लागतात: गोचिड्या किती, आणि त्यांतल्या विषाणू बाळगणाऱ्या किती. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा वाढत नाही, पण प्रौढ माद्यांना पोसून ती पहिला आकडा फुगवतात. दुसरा आकडा अळ्या कुणाचं रक्त पितात त्यावर ठरतो. माकडाच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो, आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर अळ्या डझनांनी चिकटलेल्या असतात. जंगल, बाग आणि चराऊ रान जिथे एकमेकांत मिसळतं, तिथे गुरं, माकडं आणि कामाला गेलेली माणसं एकाच वाटेवर येतात आणि धोका वाढतो. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली, तेव्हा काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना झळ बसली ती यामुळेच.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात पोचला की काय, अशी शंका आली होती. विषाणू निघाला नवाच. पण माकडांचं मरण हा इशारा तेव्हाही होता, आजही आहे. आजारी माकड शेवटी जिथे बसतं-पडतं, तिथेच त्याच्या अंगावरच्या गोचिड्या गळतात. काही आठवड्यांनी त्याच जागी लागण झालेली पिल्लं तयार असतात. अशा वेळी मारुतीचा अवतार म्हणून मेलेल्या वानराला गुलाल लावणं, हार घालणं, खांद्यावरून मिरवत नेणं खरोखर घातक आहे. श्रद्धा असेल तर हात दुरूनच जोडावेत, माणसं आणि गुरं त्या जागेपासून लांब ठेवावीत आणि वनविभागाला व आरोग्य केंद्राला कळवावं.

ठाणे-नवी मुंबईकरांशी याचा थेट संबंध आहे तो सुट्टीमुळे. काजूच्या हंगामात किंवा मे महिन्यात गावी जाऊन दिवा-सावंतवाडी गाडीने माणूस परततो. चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकाएकी ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून येणं सुरू होतं. रक्तातल्या प्लेटलेट उतरतात. इथला डॉक्टर साहजिकच डेंग्यू-मलेरियाची तपासणी करतो. ती निगेटिव्ह आली आणि रुग्णाने बागेत गेल्याचं सांगितलंच नाही, तर दिवस वाया जातात. म्हणून गाव, तालुका, रानात गेल्याची तारीख आपणहून सांगा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत याची खास चाचणी होते. विषाणूवर नेमकं औषध नाही. पाणी, विश्रांती आणि रक्तस्रावावर नजर, हाच उपचार. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. १०० रुग्णांत ३ ते ५ जण दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही.

रानातून आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका. कानामागे, काखेत, कमरपट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्याच्या मागे बोट फिरवून पाहा. पिल्लू डोळ्यांआधी बोटाला लागतं. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत, तोंडाशी धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. पिळू नका, पोट दाबू नका. रॉकेल, चुना, पेटती काडी यांनी ती लगेच सुटत नाही, उलट चिडून लाळ जास्त सोडू शकते. निघाली की जागा साबणाने धुवा, गोचीड सेलोटेपमध्ये चिकटवा, वर तारीख लिहा आणि ताप आलाच तर तीच पट्टी डॉक्टरांना दाखवा.