ट्वेल्व्ह अँग्री मेन

१९५७ साली प्रदर्शित झालेला अमेरिकी कृष्णधवल नाट्यपट. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, लेखक रेजिनाल्ड रोझ, निर्माते अभिनेता हेन्री फोंडा आणि स्वतः रोझ. लांबी ९६ मिनिटे. त्यातली जेमतेम तीन मिनिटे सोडली, तर सारा चित्रपट न्यूयॉर्कच्या न्यायालयातल्या एकाच खोलीत घडतो.

बापाला भोसकल्याचा आरोप असलेला अठरा वर्षांचा पोरगा दोषी ठरला, तर त्याला मृत्युदंड अटळ आहे. निकाल बाराही ज्यूरींच्या, म्हणजे खटल्याचा कौल देण्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांच्या, एकमतानेच लागायला हवा. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात. आठव्या क्रमांकाचा ज्यूरी (फोंडा) तेवढा विरोधात हात वर करतो. पोरगा निर्दोष आहे असा त्याचा दावा नाही. माणसाचा जीव पाच मिनिटांत निकालात काढू नये, बोलून तरी बघू, एवढेच त्याचे म्हणणे. खून नेमका कोणी केला, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही, आणि त्याची खरी ताकद तिथेच आहे.

रोझ स्वतः न्यूयॉर्कमध्ये एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरी होते. त्या अनुभवातून त्यांनी लिहिलेले नाटक सीबीएस वाहिनीच्या ‘स्टुडिओ वन’ मालिकेत सप्टेंबर १९५४ मध्ये थेट प्रक्षेपित झाले. म्हातारा नववा ज्यूरी साकारणारे जोसेफ स्वीनी आणि परदेशातून आलेला अकरावा ज्यूरी साकारणारे जॉर्ज व्हॉस्कोव्हेक हे दोघे तिथूनच चित्रपटात आले. ल्युमेटही दूरचित्रवाणीतच तयार झालेले. हा त्यांचा पहिला चित्रपट. छायालेखक मात्र मुरलेला होता. बोरिस कॉफमन यांना ‘ऑन द वॉटरफ्रंट’साठी ऑस्कर मिळालेले होते.

दोन आठवडे तालीम झाली आणि तीन आठवड्यांच्या आत चित्रीकरण उरकले. पैसा बेताचा होता. पुन्हा पुन्हा प्रकाशयोजना बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून खोलीच्या एका बाजूला दिवे लागले की त्या बाजूचे सगळे शॉट, कथेत कुठेही येवोत, एकदम घेतले जात. त्यामुळे टेबलाच्या अलीकडच्या माणसाचा प्रश्न आज, तर पलीकडच्याचे उत्तर कित्येक दिवसांनी, असाही प्रकार होई. पडद्यावर त्याचा मागमूस लागत नाही.

कॅमेऱ्याची आखणी तर अभ्यासावी अशी. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मधल्या भागात डोळ्यांच्या रेषेत येतो आणि शेवटच्या भागात त्याखाली उतरतो, त्यामुळे छत दिसू लागते. जोडीला लेन्सही क्रमाने लांब पल्ल्याच्या होत जातात. भिंती माणसांच्या पाठीला येऊन भिडतात. बाहेर उकाडा, पंखा बंद, शर्ट घामाने चिकटलेले. पाऊस कोसळतो, दिवा लावला जातो तेव्हा कळते की पंखा दिव्याच्याच बटणावर चालतो. अखेरीस न्यायालयाबाहेरचा रुंद शॉट येतो, आणि प्रेक्षकही मोकळा श्वास घेतो.

पुराव्यांची उकल छोट्या गोष्टींतून होते. असा खटक्याचा चाकू दुसरा सापडणार नाही असे जो-तो म्हणत असताना आठवा ज्यूरी खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून टेबलात खुपसतो. चौथा ज्यूरी (ई. जी. मार्शल) चष्मा काढून नाक चोळतो, आणि म्हाताऱ्याला साक्षीदार बाईच्या नाकावरचे चष्म्याचे तसलेच वळ आठवतात. तिसऱ्या ज्यूरीच्या भूमिकेत ली जे. कॉब यांनी दुरावलेल्या मुलावरचा राग आरोपीवर काढणारा बाप उभा केला आहे. माझ्या मते अभिनयात फोंडांपेक्षा तेच वरचढ ठरतात.

कायद्याच्या जाणकारांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे : ज्यूरीने खोलीबाहेर स्वतः तपास करून चाकू विकत आणणे नियमात बसत नाही.

बर्लिन महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण अस्वल हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ऑस्करची तीन नामांकने होती; तिन्ही पुरस्कार ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ने नेले. तिकीटबारीवरही निराशाच झाली. फोंडांनी पुन्हा चित्रपटनिर्मिती केली नाही.

बासू चटर्जी यांनी १९८६ मध्ये हीच कथा ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने हिंदीत आणली. कॉब यांची भूमिका पंकज कपूर यांनी केली. तोवर भारतातली ज्यूरीपद्धत इतिहासजमा झाली होती. मुंबईत १९५९ साली गाजलेल्या, नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात नऊ ज्यूरींनी आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे नानावटींना जन्मठेप झाली.