साथकाळातील परिचारिकांची चिंताग्रस्तता (मुंबई)

संसर्गजन्य रोगाच्या साथीत रुग्णालयातील परिचारिकांना जडणारी सततची धास्ती. धडधड, झोपमोड, चिडचिड, औषधाचा डोस पुन्हापुन्हा तपासत राहणे ही तिची लक्षणे. थोडी भीती कामाचीच असते, तिच्यामुळे मास्क नीट बांधला जातो. ड्युटी संपली तरी ती उतरत नसेल, तर मात्र उपचारांचा विचार करावा लागतो. चिंता मोजणाऱ्या ‘जीएडी-७’ या प्रश्नावलीत २१ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास सहसा पुढची तपासणी सुचवतात.

मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. त्याच महिन्यात लोकल बंद झाली. ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी १५ जूनला सुरू होईपर्यंत विरार, कल्याणकडच्या सिस्टरना एसटी-बेस्टच्या बसचाच आधार होता. वॉर्डात एकदा संरक्षक पोशाखाचे (पीपीई) किट चढवले की ते उतरवेपर्यंत ना पाणी, ना बाथरूम. पाळीच्या दिवसांतही तेच. गॉगलवर वाफ धरलेली, हातात दुहेरी ग्लोव्ह्ज, आणि तशातच शीर शोधून सलाइन लावायचे. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्याने शेवटचा व्हिडिओ कॉलही बऱ्याचदा सिस्टरच लावून देत.

तरीही स्वतःच्या जिवापेक्षा मोठी भीती असे ती आजार घरी नेण्याची. चाळीतल्या एका खोलीत, सामायिक संडास असताना, वेगळे राहणार कुठे? लहान लेकराला दारातूनच लांब थांबवायचे, कपडे गरम पाण्यात टाकायचे, आंघोळ झाल्यावरच त्याला जवळ घ्यायचे. त्यात काही ठिकाणी शेजारी आणि घरमालकच घर सोडायला सांगत. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्य कर्मचाऱ्यांचा असा छळ व त्यांच्यावरील हल्ले हा गुन्हा ठरवला. त्याने दुरुस्त केलेला १८९७ चा साथरोग कायदा मुळात मुंबईतल्याच प्लेगच्या वेळचा.

एप्रिल २०२० मध्येच तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर, ज्या स्वतः पूर्वी परिचारिका होत्या, गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. आपल्यातलीच कोणी पाठीशी उभी राहिली की धीर येतो. पण चिंता हटायची तर मापाचे किट, पुरेसा स्टाफ, वेळेत मिळणारा रिपोर्ट, रुग्णालयाजवळ राहण्याची सोय आणि ऐकून घेणारी इन्चार्ज सिस्टर हवी. समुपदेशन गरजेचेच आहे, मात्र एका नर्सवर दुपटीने रुग्ण सोपवून तिला समुपदेशकाकडे पाठवणे हा अन्याय आहे.

१६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांचे लसीकरण सुरू झाले आणि लागण होण्याची भीती हळूहळू ओसरू लागली. दुसऱ्या लाटेत तिची जागा रुग्णाला ऑक्सिजन पुरेल का, या धास्तीने घेतली. एप्रिलमध्ये काही पालिका रुग्णालयांतून रुग्ण रातोरात इतरत्र हलवावे लागले होते.