पितळ खाली, प्लॅस्टिक वर: किटमधली मोटार खाचेवर कशी आली

माझ्या टेबलावर १:२४ मापाची विलीज जीप उताणी पडली आहे. बॉनेटखाली इंजिनाच्या जागी बोटाच्या पेराएवढी मोटर आहे, तळाला पितळेची पट्टी, आणि पुढच्या बंपरखाली एक छोटी खुंटी. हे किट काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी बनलं होतं. आता ते नाशिकच्या गंगापूर रोडवर मित्राच्या गच्चीवरच्या खोलीतल्या लाकडी ट्रॅकवर स्लॉट कार म्हणून धावतं. असं रूपांतर करायची रीत कुठून आली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी ज्यांनी स्लॉट कार पाहिली नाही त्यांच्यासाठी. ट्रॅकमध्ये साधारण ३ मिलिमीटर रुंदीची खाच असते. तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या आणि त्यांतून वाहणारे १२ व्होल्ट. गाडीची खुंटी, म्हणजे गाइड, खाचेत उतरते, आणि तिच्या दोन्ही अंगांना लावलेल्या, तांब्याच्या बारीक तारांनी विणलेल्या पट्ट्या वीज उचलतात. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबाल तितका वेग. गाडी वळवायला काही नाही, वळणं खाच घेते. आपल्या हातात फक्त वेग असतो, आणि वळणाआधी तो किती सोडायचा एवढ्यावर सगळी शर्यत उभी असते. जास्त सोडला तर मागे पडाल, कमी सोडला तर गाडी खाचेतून उडून फरशीवर.

विजेवर चालणाऱ्या अशा गाड्या अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच बाजारात आणल्या होत्या. ही खेळण्यातल्या आगगाड्या करणारी कंपनी. तीन-चार वर्षांत तो माल बंद झाला. पुढे इंग्लंडमध्ये हौशी मंडळींनी रुळावर चालणाऱ्या मोटारी केल्या. ट्रॅकवर उंचावलेला एक रूळ आणि त्याला धरून पळणारी गाडी. खेळ रंगायचा, पण रस्त्याच्या मधोमध उभा रूळ डोळ्यांना खुपत राहायचा.

ती अडचण फ्रेड फ्रान्सिस यांनी सोडवली. त्यांची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी १९५२ पासून स्केलेक्स नावाने पत्र्याच्या, चावीच्या यंत्रावर पळणाऱ्या रेसिंग गाड्या विकत होती. त्या गाड्यांच्या पोटाखाली एक पाचवं चाक होतं. गाडी दाबून मागे ओढली की त्या चाकाने आतली स्प्रिंग गुंडाळली जायची. काही वर्षांत या खेळण्याची मागणी ओसरली. फ्रान्सिस यांनी त्याच पत्र्याच्या गाड्यांमध्ये विजेची मोटर बसवली, रूळ काढून टाकला आणि रबराच्या ट्रॅकमध्ये खाच पाडली. स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक जोडून नाव झालं स्केलेक्स्ट्रिक. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी मेळ्यात ते मांडलं गेलं, आणि दुसऱ्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीने मिनीमॉडेल्स विकत घेतली. १९६० पासून गाड्या पत्र्याच्या जागी प्लॅस्टिकच्या झाल्या.

मला या हकिगतीतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जगात सगळ्यांत नावाजलेली स्लॉट कार हीच मुळी एक रूपांतरित गाडी होती. दुसऱ्या कामासाठी बनलेली बॉडी घेतली, आतलं यंत्र बदललं, खाली गाइड लावला. किट उघडून मोटर बसवणारा माणूस आजही हेच करतो. त्यामुळे ‘तयार मिळते तर घेत का नाही?’ असं कोणी विचारलं की मी सांगतो, खेळ सुरूच असा झाला.

साठच्या दशकात प्लॅस्टिकची किटं आणि हा खेळ एकत्र वाढले. पॉलिस्टायरीनची किटं स्वस्त होती, मापात होती, आणि बाजारात तयार स्लॉट कार मोजक्या असल्या तरी किटं ढीगभर मिळत. ज्याला आपल्या आवडीची गाडी ट्रॅकवर हवी, त्याला किटवाचून पर्याय नव्हता. इंग्लंडच्या एअरफिक्सने स्वतःचे रेसिंग संच काढले, त्याबरोबर आपल्याच १:३२ किटना रेसर करण्यासाठी लागणारं सामानही विकलं. अमेरिकेत रेव्हेल आणि मोनोग्राम या किट बनवणाऱ्या कंपन्या स्लॉट कारच्या धंद्यात उतरल्या. जपानच्या माबुची कंपनीच्या छोट्या, स्वस्त मोटरींनी हा खेळ घराघरांत नेला. किट बनवणारी तामिया कंपनीही या काळात स्लॉट कार बनवत होती. जर्मनीत १९६३ मध्ये कारेरा आली.

अमेरिकेत त्या काळी भाड्याने ट्रॅक मिळणारी दुकानं हजारोंनी निघाली. पोरं किटची बॉडी घेऊन यायची आणि तासाचे पैसे भरून खेळायची. तिथेच किटचा घातही झाला, आणि त्यामागचं कारण शुद्ध पदार्थविज्ञानाचं आहे. वळणावर गाडी उलटते ती वरच्या वजनामुळे. किटची बॉडी जाड, काचा जाड, आत सीट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, सगळं जमिनीपासून उंच. जिंकणाऱ्यांनी बॉडीच बदलली. पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ तक्ता तापवून साच्यावर निर्वातात ओढायचा आणि रंग आतून द्यायचा. काही ग्रॅमची ती बॉडी, आणि खाली पितळेच्या नळ्या व पट्ट्या कथलाचा डाग देऊन जोडलेली चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. मोटर आधी गाडीच्या लांबीत असायची, मग मागच्या आसाला समांतर आडवी बसू लागली, आणि साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी तिरपी. गाड्या अफाट वेगवान झाल्या. किटची बॉडी घेऊन आलेल्या मुलाला त्यांच्यापुढे काही संधी उरली नाही, आणि दशक संपता संपता ती दुकानं धडाधड बंद पडली. वेगासाठी मोटारीचं रूपच सोडून द्यायचं, हा सौदा मला तेव्हाच्या लोकांची चूक वाटते. गाडी गाडीसारखी दिसणं हा या खेळाचा अर्धा जीव आहे.

किटवाले त्यामुळे संपले नाहीत. ते घरांत आणि छोट्या मंडळांत गेले. पुढे कंपन्यांनी गाडीच्या पोटात चुंबक बसवून तिला ट्रॅकला चिकटवायला सुरुवात केली. नव्वदच्या दशकात स्पेनच्या निंको आणि फ्लाय यांनी किटला लाजवतील अशा देखण्या गाड्या आणल्या. २००४ मध्ये एकाच खाचेत अनेक गाड्या पळवणारं स्केलेक्स्ट्रिकचं डिजिटल तंत्रही आलं. किट फोडून रेसर करणाऱ्याला या सगळ्याचा एकच उपयोग झाला: सुटे भाग मुबलक झाले. गाइड, दंतचक्रं, आस, आस ज्यात फिरतो ते बुश, लांबी कमी-जास्त करता येणारी चेसी, सगळं वेगवेगळं मिळू लागलं.

आपल्याकडे मात्र हे उशिरा पोचलं. २००१ पर्यंत ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर संख्येची बंधनं होती. परदेशी किट म्हणजे कोणाच्या तरी काकांनी आखातातून किंवा लंडनहून आणलेली वस्तू. पुढची काही वर्षं जरा मोकळी गेली. मग २०२० मध्ये खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा आहे. सीमाशुल्काच्या कोष्टकात मापातली मॉडेलं खेळण्यांच्याच रांगेत बसतात, त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाने जोडायला मागवलेलं किटही खेळणंच ठरतं. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हे पटतं. पण ज्या वस्तूला देशात पर्यायच नाही तिच्यावर एवढा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आमच्या पिढीने नाशिकमध्ये सुरुवात केली ती टेपरेकॉर्डरच्या मोटरीने. बंद पडलेला टेप उघडला की ती गोल, जड मोटर हाती यायची. ती गाडीला निरुपयोगी आहे हे कळायला बराच काळ गेला. कॅसेटचा आवाज एकसारखा राहावा म्हणून त्या मोटरीत वेग बांधून ठेवणारी योजना असते. व्होल्ट वाढवले तरी ती ठरल्या फेऱ्यांच्या वर जात नाही, आणि वेग कमी-जास्त करणं हाच तर इथला सगळा खेळ. आज इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘एकशेतीसची मोटर’ मागितली की वीस-पंचवीस मिलिमीटरची चपटी मोटर मिळते. स्लॉट कारच्या पुष्कळ मोटरी याच अंगाच्या असतात. पण खेळण्यातली एकशेतीस ३ ते ६ व्होल्टची असते. १२ व्होल्टवर ती तापते आणि थोड्याच वेळात जळक्या वार्निशचा वास येतो. स्लॉट कारची मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला १८ हजार फेऱ्यांच्या घरात फिरते आणि टिकते.

आता जीप. नाशिकच्या माणसाला जीप का हवी हे सांगावं लागत नाही. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. आज सातपूरला त्यांचा कारखाना आहे, आणि शहरातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी ‘कंपनीत’ असतो. रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची शर्यत व्हायची तेव्हा आम्ही पहाटे डबे घेऊन बाहेरच्या रस्त्यांवर जाऊन बसायचो. पण स्लॉट कारच्या हिशेबात जीप म्हणजे सगळ्यांत अवघड गाडी: उंच, अरुंद, वरून उघडी. बंद मोटारीत मोटर सीटखाली, मागे, कुठेही दडवता येते. जीपमध्ये बसल्या जागेवरून फरशी दिसते. म्हणून मोटर बॉनेटखाली ठेवली, आणि तिथून मागच्या आसापर्यंत २ मिलिमीटर जाडीचा दांडा फरशीखालून नेला. दांड्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे लहान दंतचक्र, आसावर मुकुटासारख्या उभ्या दातांचं चक्र.

गुणोत्तराचा हिशेब इथे महत्त्वाचा. खऱ्या जीपचं चाक सुमारे ७११ मिलिमीटर उंच, म्हणजे १:२४ मध्ये जवळपास ३० मिलिमीटर. एवढं मोठं चाक एका फेरीत ९ सेंटिमीटरहून जास्त अंतर कापतं. नेहमीचं तीनास एक गुणोत्तर, म्हणजे मोटरीच्या तीन फेऱ्यांना चाकाची एक, ठेवलं तर भार नसताना वेग ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास निघतो. गच्चीवरच्या खोलीत तो कुठे वापरणार? चारास एक केल्यावर वळणातून बाहेर पडताना जोर आला आणि घोड्यावर ताबा मिळाला.

चेसीचं पितळ मी भांडी बाजारातून आणलं. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचं जुनं गाव आणि तांबटांचे हात या धातूवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. पट्टी घेताना तिथल्या एका वयस्कर कारागिराने दीड मिलिमीटरचा तुकडा नखाने वाजवून पाहिला, बाजूला ठेवला आणि दुसरा दिला. ‘तो पहिला मऊ आहे, वाकवला तर तसाच राहील,’ एवढंच म्हणाला. चेसीला थोडा ताठपणा आणि थोडी स्प्रिंग लागते, ते त्याला न सांगता कळलं होतं. डाग देण्याआधी पितळ पॉलिश पेपरने लखलखीत घासावं लागतं, नाहीतर कथील पसरत नाही. कल्हईवाला नवसागर टाकून कथील फिरवायचा, त्यातलं तत्त्व हेच. मात्र डाग धरावा म्हणून नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स वापरला तर सगळं गरम पाण्याने धुवायचं, नाहीतर आठवड्यात पोलादी आस गंजतो.

बॉडी हलकी करण्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. किटची विंडस्क्रीन काढून तिच्या जागी मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातला तुकडा कापून बसवला. सीटचा तळ आतून कानसून कागदासारखा पातळ केला. ड्रायव्हर कमरेपर्यंतच ठेवला. किटचे टायर काढून टाकले. ते व्हिनाइलचे कडक टायर घसरतात, आणि त्यांतला तेलकट अंश वर्षानुवर्षं टेकून राहिला की पॉलिस्टायरीनची रिमही वितळवतो. त्यांच्या जागी रबराचे बसवले, आणि मोटर चालू ठेवून चाकांखाली पॉलिश पेपर धरून ते गोल घासले. शेवटी तराजूत बॉडी ४१ ग्रॅम आणि चेसी मोटरीसकट ९६ भरली. तरी पहिल्या वळणाला जीप कलंडलीच. बॉडीचे दोन स्क्रू अर्धा फेरा सैल केल्यावर ती कलंडायची थांबली. बॉडी चेसीवर किंचित हलती राहिली की चेसीची थरथर वर पोचत नाही आणि चाकं रस्ता धरून राहतात. ही युक्ती साठच्या दशकातली आहे. तेव्हाच्या लोकांनी चेसीलाच बिजागऱ्या लावून ती बसवली होती.

मापं घेताना एक गोष्ट सापडली. विलीजच्या दोन आसांतलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. जुन्या मिनी कूपरचं २०३६. १:२४ मध्ये दोन्ही ८५ मिलिमीटरच्या आत-बाहेर, फरक केसाएवढा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही जवळपास सारखंच. तामियाचं मिनीचं किट कपाटात पाच वर्षं पडून आहे. चेसी तीच, मोटर तिथेच बॉनेटखाली, बदलायची ती फक्त मागची-पुढची चाकं, कारण मिनीची बरीच लहान. तिच्या बॉडीच्या आत स्क्रूसाठी दोन खांब काल रात्री चिकटवले आहेत. प्लॅस्टिक सिमेंट पुरतं वाळायला अजून एक दिवस द्यावा लागेल.