पत्रपेटी-शोध

पत्रपेटी-शोध : लिहून दिलेल्या खुणांवरून रानवाटेने पायी जात दडवलेली पेटी हुडकण्याचा खेळ. ‘लेटरबॉक्सिंग’ हे मूळ इंग्रजी नावही मराठीत चालते. पेटीत एक वही आणि एक रबरी शिक्का असतो. पेटी हाती लागली की शोधणारा तिच्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवतो, स्वतःचा शिक्का पेटीतल्या वहीत उमटवतो आणि पेटी होती तशीच झाकून ठेवतो.

हा खेळ इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या उंच माळरानावर जन्मला, याबद्दल दुमत नाही. काळाबद्दल मात्र आहे. बहुतेक लेखक १८५४ हे साल धरतात. चॅगफर्ड गावचा वाटाड्या जेम्स पेरट याने त्या सुमारास क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. ‘पूल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ तळे असला तरी ती दलदलीतली एक खोलगट जागा आहे. तिथवर चालत गेलेले लोक बाटलीत आपल्या नावाचे कार्ड टाकून येत. पुढे काही जण स्वतःचा पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड ठेवू लागले; मागाहून येणाऱ्याने ते उचलायचे आणि टपालात टाकायचे. ‘पत्रपेटी’ हे नाव या रिवाजावरून पडले असावे.

पेरटच्या बाटलीत वही नव्हती आणि शिक्काही नव्हता. ती दडवलेली नव्हती. लोक वाटाड्याच्या मागे चालत तिथे पोचत. त्यामुळे भेटीची नोंदवही ठेवली गेली ते १९०५ हे वर्ष काहींना अधिक महत्त्वाचे वाटते. खुणा लिहिणे आणि पेटी दडवणे हेच या खेळाचे लक्षण मानले, तर १८५४ च्या घटनेला पूर्वपीठिका म्हणणे सयुक्तिक ठरेल. दुसरी पेटी बेलस्टोन टॉर येथे १८९४ च्या सुमारास आली. क्रॅनमियरला दगडी पेटी १९३७ मध्ये बांधली गेली, आणि डार्टमूरचा अभ्यासक विल्यम क्रॉसिंग याच्या स्मरणार्थ डक्स पूल येथे १९३८ मध्ये आणखी एक. १९७० च्या दशकापर्यंत पेट्या मोजक्याच होत्या. नंतर त्या झपाट्याने वाढल्या आणि शंभर शिक्के जमवणाऱ्यांचे मंडळही निघाले. अमेरिकेत हा छंद १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकातील एका लेखामुळे पसरला. मे २००० मध्ये तिथेच सुरू झालेला जिओकॅशिंग हा त्याचा भाऊबंद खेळ. पण त्यात उपग्रहाने दिलेले अक्षांश-रेखांश पुरतात. पत्रपेटीचा शोध शब्दांवर चालतो, आणि या खेळाचा सगळा जीव त्या शब्दांत आहे.

खुणा तीन तऱ्हांच्या असतात : होकायंत्राचे अंश, पावलांची मोजणी आणि कोडे. डार्टमूरवर झाडी विरळ असल्याने दूरच्या टेकडीवरील खडकाचे शिखर बारा महिने दिसते आणि अंशांवर विसंबता येते. विदर्भातील पानझडी रानात हा खेळ मांडायचा तर तसे होत नाही. श्रावणात दहा पावलांपुढचे दिसत नाही. चैत्रात तेच रान उघडे पडून ओळखू येत नाही. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी आहे, ही सोय खरी. पश्चिमेकडच्या काळ्या बेसाल्टी खडकाजवळ मात्र सुई कधीकधी उत्तरेपासून ढळते, म्हणून अंश खडकावर टेकून न घेता चार पावले दूर उभे राहून घ्यावा.

म्हणून इथल्या खुणा गावाच्या भाषेत लिहिलेल्या बऱ्या. ‘बोडीच्या पाळीवर उगवतीकडे तोंड करून उभे राहा; धुऱ्याने साठ पावले गेल्यावर पांढऱ्या खोडाचा कुलू लागेल’ हे वाक्य भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला नकाशाहून स्पष्ट वाटते. बोडी म्हणजे शेतीपुरते लहान तळे, धुरा म्हणजे शेताचा बांध. कुलू (कांडोळ) पाने झडल्यावर चांदण्यातही उठून दिसतो. कहू म्हणजे अर्जुन नाल्याच्या काठी हमखास उभा असतो. पळस फुलल्यावर सापडतो खरा, पण तेव्हा सगळेच पळस फुललेले असतात, त्यामुळे एकट्या पळसाची खूण देऊ नये. नवेगावबांधसारख्या ठिकाणी, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर राहूनही, तलावाभोवतीच्या ‘सात बहिणी’ टेकड्या दिशेला पुरतात. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. अशा नावांची माहिती गुराखी, ढिवर (मासेमार) आणि मोहफुले वेचणाऱ्या बायांकडे असते. खुणा लिहिणाऱ्याने आधी त्यांच्यासोबत हिंडावे.

पेटी कुठे दडवू नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्याने परवानगीवाचून पायी शिरणे किंवा वस्तू ठेवणे चालत नाही. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा ही नावे म्हणून या खेळासाठी वगळावीत. गावालगतचे, ग्रामसभेच्या ताब्यातले सामूहिक वनहक्काचे रान ग्रामसभेच्या संमतीने योग्य. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे अशा हक्काचे प्रसिद्ध उदाहरण. महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ असलेली जमीन मोकळी दिसली तरी मोकळी नसते. तिथेही आधी वनविभागाकडे विचारणा करावी.

वारुळाजवळ पेटी ठेवू नये. वाळवीसाठी अस्वल तिथे येते आणि मोहाच्या दिवसांत पहाटे मोहाखालीही असते. ढोलीत किंवा दगडाच्या फटीत हात घालायला लावणारी खूण लिहू नये. तिथे विंचू, मण्यार किंवा घोणस असू शकते. पेटी उघड्या जमिनीवर, पालापाचोळ्याच्या आड आणि काठीने चाचपता येईल अशी असावी. चंद्रपूरकडच्या वाघाच्या टापूत एकट्याने, पहाटे किंवा दिवस बुडताना फिरू नये. हे कितीदाही सांगावे लागले तरी सांगावे, कारण तिथे सरपण आणि मोहफुलांसाठी गेलेली माणसे खरोखरच दगावली आहेत.

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. त्या काळात प्लॅस्टिकची पेटी आगीत सापडते, शाईची गादी सुकते आणि उन्हाने रबर तडकते. पावसाळ्यात वही भिजते. म्हणून पेट्या दसऱ्यानंतर ठेवून वणव्याचा काळ लागण्याआधी उचलणे बरे. शिक्का विकत घ्यावा लागत नाही; शाळेच्या खोडरबरावर ब्लेडने कोरलेला मोहाच्या पानाचा शिक्काही छान उमटतो, फक्त अक्षरे उलटी कोरावी लागतात.